फर्नेसच्या पोटातली गुडगुड आणि भिंतीबाहेरचा वीतभर बर्फ

पहाटे चारचा सुमार, बाहेर उणे १५ अंश. तळघरातली फर्नेस, म्हणजे गॅस जाळून घरभर गरम हवा सोडणारी भट्टी, सुरू व्हायची धडपड करते. आधी आतला छोटा पंखा घरघरतो, मग हुक्क्यासारखी गुडगुड ऐकू येते, अर्ध्याएक मिनिटात पंखा थांबतो. थोड्या वेळानं पुन्हा तेच. ज्वाला काही पेटत नाही. घर हळूहळू गार पडतंय आणि फर्नेसच्या झाकणावरच्या इवल्याशा खिडकीत एक दिवा ठरावीक लयीत लुकलुकतोय.

हुक्क्याची उपमा गंमत म्हणून दिलेली नाही. हुक्का गुडगुडतो कारण त्यात पाण्यातून हवा ओढली जाते. फर्नेस गुडगुडते तेव्हाही नेमकं हेच घडत असतं: जिथून फक्त धूर जायला हवा तिथे पाणी साचलंय आणि पंखा त्या पाण्यातून हवा ओढतोय. एवढं लक्षात आलं की गॅस, ठिणगी, थर्मोस्टॅट (घराचं तापमान राखणारं भिंतीवरचं यंत्र) यांच्या मागे लागण्यात रात्र वाया जात नाही. माझी एकदा गेली आहे. फिल्टर बदलला, थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या बदलल्या, मेन स्विच चार वेळा बंद-चालू केला आणि उजाडल्यावर कळलं की भिंतीबाहेर आलेल्या पाइपच्या तोंडाशी वीतभर बर्फ बसला होता.

हे दुखणं सगळ्या फर्नेसना होत नाही. ज्यांचा धूर लोखंडी पत्र्याच्या चिमणीतून छपरावर जातो, त्या जुन्या फर्नेसना पाण्याचा हा त्रास माहीतच नाही. धुराचा पाइप प्लॅस्टिकचा, म्हणजे बहुधा पांढरा पीव्हीसीचा असेल आणि फर्नेसच्या बुडाशी एखादी बारीक नळी निघून कुठेतरी जात असेल, तर तुमची फर्नेस ‘कंडेन्सिंग’ जातीची आहे. पुढचं सगळं तिच्यासाठी.

आगीच्या यंत्रात पाणी कुठून आलं?

मिथेन जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं, हे समीकरण आपण शाळेत घोकलेलं असतं. त्यातलं पाणी किती, याचा विचार मात्र कोणी करत नाही. १६ ग्रॅम मिथेन जळला की ३६ ग्रॅम पाणी तयार होतं. म्हणजे जाळलेल्या गॅसच्या वजनाच्या सव्वादोनपट! जळणापेक्षा पाणी जास्त कसं, तर त्यातला ऑक्सिजन हवेतून आलेला असतो.

जुन्या फर्नेसमध्ये हे पाणी वाफेच्या रूपातच चिमणीतून निघून जायचं. धुराचं तापमान दीडशे अंशांच्या आसपास किंवा वरच असायचं, त्यामुळे वाफेचं पाणी व्हायचा प्रश्नच नव्हता. पण ती वाफ जाताना सोबत बरीच उष्णता घेऊन जायची. शाळेतला ‘अप्रकट उष्मा’ आठवतोय? एक ग्रॅम वाफेचं पाणी झालं की सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. जुन्या फर्नेसमध्ये ही उष्णता आकाशात जायची आणि शंभरातली जेमतेम ८० टक्के ऊब घराला मिळायची.

कंडेन्सिंग फर्नेसमध्ये पहिल्या हीट एक्स्चेंजरनंतर, म्हणजे धुरातली उष्णता घरच्या हवेला देणाऱ्या भागानंतर, दुसरा एक असतो, न गंजणाऱ्या स्टीलचा. धूर त्यातून जाताना इतका थंड होतो की त्याचं तापमान दवबिंदूच्या खाली, म्हणजे साधारण ५५ अंशांच्या खाली येतं. वाफेचं पाणी होतं, अप्रकट उष्मा घरात राहतो आणि कार्यक्षमता ९० ते ९८ टक्क्यांवर जाते. उरलेला धूर इतका कोमट असतो की त्याला प्लॅस्टिकचा पाइप चालतो. गार पाण्याच्या ग्लासावर बाहेरून थेंब जमतात तोच हा प्रकार, फक्त आग पेटलेल्या पेटीच्या पोटात.

बदल्यात पाणी सांभाळावं लागतं. तासाला १,००,००० बीटीयू, म्हणजे सुमारे २९ किलोवॅटची फर्नेस पूर्ण तास चालली तर जळणाऱ्या गॅसमधून चार लिटरांहून थोडं जास्त पाणी तयार होतं. त्यातली सगळी वाफ काही पाझरत नाही, काही धुराबरोबर जातेच. तरी तासाला दोन-तीन लिटर धरायला हरकत नाही. कडाक्याच्या थंडीत फर्नेस दिवसातून बारा तास चालली तर दोन बादल्या पाणी होतं. या पाण्याला कंडेन्सेट म्हणतात.

हे पाणी आम्लधर्मी असतं. धुरातला कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं त्यात विरघळतात आणि सामू ३ ते ५च्या दरम्यान येतो. तांबं, ओतीव लोखंड, सिमेंट हे सगळं ते हळूहळू खातं, म्हणून त्याची वाट प्लॅस्टिकची असते. काही ठिकाणी ते गटारात सोडण्याआधी चुनखडीचे खडे भरलेल्या डब्यातून नेतात, म्हणजे आम्ल मरतं. आम्ल आहे म्हणून ते गोठायचं नाही, अशी आशा मात्र ठेवू नका. त्यातलं आम्ल इतकं विरळ असतं की ते साध्या पाण्यासारखंच शून्याला गोठतं.

थंड देशांच्या सरकारांनीच ही यंत्रं घरोघरी पोचवली. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून नवा गॅस बॉयलर कंडेन्सिंगच बसवावा असा नियम आला. बॉयलर म्हणजे फर्नेसचा सख्खा भाऊ, हवेऐवजी पाणी तापवणारा. कॅनडात २००९च्या अखेरीपासून गॅस फर्नेसची किमान कार्यक्षमता ९० टक्के ठरली, म्हणजे व्यवहारात कंडेन्सिंगच. पुढे ब्रिटनमध्ये २०१०चा डिसेंबर आला. १९१० पासूनच्या नोंदींमधला तो तिथला सगळ्यात थंड डिसेंबर. नेमक्या त्या दिवसांत असंख्य घरांतले बॉयलर बंद पडले. यंत्रात बिघाड नव्हता, बाहेर काढलेले कंडेन्सेटचे बारीक पाइप गोठले होते. त्यानंतर बाहेरचा पाइप जाड ठेवा, आखूड ठेवा, गुंडाळा, असं बसवणाऱ्यांना नव्यानं बजावावं लागलं.

पाण्याची वाट

दुसऱ्या एक्स्चेंजरमधून टपकणारं पाणी पुढच्या बाजूच्या एका प्लॅस्टिकच्या खोक्यात जमतं. तिथून रबरी नळ्या निघतात आणि ट्रॅपमध्ये येतात. ट्रॅप म्हणजे बेसिनखाली असतो तसा वाकडा गळा, त्यात कायम थोडं पाणी उभं असतं. ट्रॅपमधून पुढे ड्रेन पाइप, आणि तो जातो जमिनीतल्या मोरीत, पंपात किंवा सरळ भिंतीतून बाहेर.

ट्रॅप का लागतो? त्या छोट्या पंख्यामुळे. त्याला इंड्यूसर म्हणतात. तो धूर ओढून बाहेर ढकलतो, त्यामुळे त्या प्लॅस्टिकच्या खोक्यात थोडी पोकळी तयार होते. थोडी म्हणजे किती? स्ट्रॉनं पाणी एक-दोन इंच वर ओढायला लागते तितकीच. संपूर्ण वातावरणाचा दाब पाण्याचा सुमारे ४०० इंच उंच खांब पेलतो, त्यापुढे हे काहीच नाही. पण तेवढ्यानंही ट्रॅप कोरडा असेल तर इंड्यूसर ड्रेनमधूनच वर हवा खेचतो आणि खाली येऊ पाहणारं पाणी अडवून धरतो. दुसरीकडे, धूर पुढे ढकलला जातो त्या बाजूनंही एक नळी ट्रॅपला येते. ट्रॅप नसेल तर त्या वाटेनं जळका वायू घरात येऊ शकतो. कपभर पाण्याचा हा गळा असा दोन्हीकडून राखण करतो.

दुसरा राखणदार म्हणजे प्रेशर स्विच, तबकडीएवढा एक गोल डबा. त्याला जोडलेली पातळ रबरी नळी त्या खोक्यातली पोकळी मोजते. पोकळी पुरेशी असेल तर धुराची वाट मोकळी आहे असं समजून तो पुढच्या कामाला परवानगी देतो: आधी इग्नायटर, म्हणजे गॅस पेटवणारा तुकडा, तापतो, मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, ज्वाला पेटते आणि शेवटी मोठा पंखा घरात गरम हवा सोडतो. स्विचनं होकार दिला नाही तर यातलं काहीच होत नाही.

आता ड्रेनचं तोंड बाहेर गोठलं असं धरा. पाणी पाइपात चढत येतं, ट्रॅप भरतो, रबरी नळ्या भरतात, मग खोकं. प्रेशर स्विचची नळी जिथे जोडलेली असते ते भोकही पाण्याखाली जातं. पोकळीची खबर स्विचपर्यंत पोचत नाही आणि तो बरोबरच नकार देतो. फर्नेस दोन-चार वेळा प्रयत्न करते, मग लॉकआउटमध्ये जाते, म्हणजे स्वतःला बंद करून घेते, आणि तासा-दोन तासांनी पुन्हा उठते. दिव्याचं लुकलुकणं म्हणजे तिची तक्रार. ते कसं वाचायचं याचा तक्ता झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. त्यात बहुधा लिहिलेलं असतं, ‘प्रेशर स्विच उघडा राहिला’.

इथूनच गोंधळ सुरू होतो. संदेशात प्रेशर स्विचचं नाव आलं, मग बदला प्रेशर स्विच! माझ्याकडे आलेल्या एका तंत्रज्ञानं हेच केलं. तो आला त्या दुपारी ऊन होतं, बाहेरचा बर्फ आपोआप सैल झाला होता, नवा स्विच लावल्यावर फर्नेस सुरू झाली आणि तो पैसे घेऊन गेला. दोन दिवसांनी पारा उतरला आणि पुन्हा गुडगुड. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. हा स्विच खराब होतच नाही असं नाही, पण ड्रेन तपासल्याशिवाय त्याला दोषी धरू नये.

इतकं गरम यंत्र, मग पाणी गोठतं कसं?

थोडा हिशेब केला की उत्तर समोर येतं. तासाला दोन लिटर म्हणजे मिनिटाला ३३ मिलिलिटर, पाइपच्या तळाशी सरपटणारा एक पातळ ओघळ. तो ३० अंशांना निघाला आणि शून्यापर्यंत थंड झाला तर वाटेत तो सुमारे ७० वॅट ऊब देऊ शकतो. जुन्या पिवळ्या बल्बइतकी! उघड्यावर वारा खाणारा दोन मीटर पाइप तेवढी ऊब सहज गिळतो. आणि ही ७० वॅटसुद्धा फर्नेस चालू असतानाच. ती थांबली की ओघळाचे थेंब होतात, थेंबही थांबतात, पाइपच्या भिंतीवर ओलसर पापुद्रा राहतो आणि तो गोठतो. पुढच्या फेरीचं पाणी त्यावरून वाहतं, त्यातलंही थोडं चिकटतं. मेणबत्तीवरून ओघळलेलं मेण थरावर थर चढत जातं, तसा बर्फ पाइपाचं भोक आतून बुजवत नेतो.

म्हणून सगळ्यात वाईट वेळ म्हणजे फर्नेस दहा मिनिटं चालून वीस मिनिटं थांबते ती. सलग धार असती तर पाइप जरा तरी उबदार राहिला असता. हेच पाणी एकदम कपभर सोडलं तर ते गोठायच्या आत बाहेर पडतं. काही बॉयलरमध्ये पाणी साठवून सायफननं एकदम सोडायची सोय असते ती याचसाठी.

जागा ठरलेल्या असतात. पाइप भिंतीतून बाहेर येतो तिथला कोपर, खाली सोडलेलं तोंड, थंड गॅरेजमधून किंवा घराच्या जमिनीखालच्या पोकळीतून जाणारा आडवा भाग, माळ्यावरची फेरी, आणि जिथे आधार निसटून पाइपला झोळ पडलाय ती जागा. झोळात पाणी उभं राहतं, मग गोठायला निमित्तच हवं. फर्नेसच गॅरेजमध्ये किंवा माळ्यावर असेल तर ट्रॅपसुद्धा गोठतो. आणि तोंड जमिनीलगत असेल तर साठलेल्या हिमाखाली गाडलं जातं.

सगळा दोष थंडीचाही नसतो. ट्रॅपमध्ये आणि नळ्यांमध्ये चिकट, बुळबुळीत गाळ जमतो. उन्हाळ्यात एसीचं पाणी याच ड्रेनमधून जात असेल तर शेवाळही वाढतं. गाळानं वाट अरुंद झाली की पाणी मंदावतं आणि मंदावलेलं पाणी लवकर गोठतं. पारा शून्याच्या वर असतानाही फर्नेस असाच त्रास देत असेल तर बर्फाचा विचार सोडा आणि गाळ शोधा.

शोध कसा घ्यायचा

गॅसचा वास येत असेल किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला असेल तर काहीही न तपासता घराबाहेर पडा आणि बाहेरून मदत बोलवा. तसं काही नसेल तर फर्नेसचा विजेचा स्विच बंद करा, मगच झाकण काढा. आतला सर्किट बोर्ड ओला दिसला तर तिथेच थांबा, वीज पुन्हा चालू करायची नाही.

अवजारांना हात लावण्याआधी फर्नेस कशी वागत होती ते आठवा. त्यातून बरंच कळतं. इंड्यूसर फिरतो पण ज्वाला पेटतच नाही, म्हणजे पाणी आधीच वर चढून बसलंय. पेटते, दहा-पंधरा मिनिटं छान चालते आणि मग विझते, म्हणजे वाट अर्धवट बंद आहे. चालू असताना तयार होणारं पाणी निचऱ्यापेक्षा जास्त, त्यामुळे भांडं भरतंय. तासभर विश्रांती दिली की पुन्हा चालते, कारण तेवढ्यात पाणी झिरपून जातं. दुपारी ठणठणीत आणि पहाटे आजारी, तर बर्फावर बोट ठेवायला हरकत नाही. फर्नेसभोवती जमिनीवर ओल असेल तर संशय उरतच नाही.

मग बाहेर जा. ड्रेनचं तोंड पाहा, आणि त्याच फेरीत धुराच्या आणि हवा आत घेणाऱ्या पाइपांची तोंडंही पाहा. त्यांवर हिम साचलं किंवा दहिवर चढलं तरी प्रेशर स्विच असाच रुसतो आणि आत दिवा तसाच लुकलुकतो. पुष्कळदा हातमोज्यानं हिम बाजूला सारलं की काम होतं.

तिथे सगळं मोकळं असेल तर आत या. ट्रॅपच्या खाली बादली ठेवा आणि ट्रॅपच्या पुढचा, म्हणजे बाहेर जाणारा ड्रेन सोडवा. पाणी भसकन बादलीत आलं तर अडथळा सोडवलेल्या पाइपात, फर्नेस निर्दोष. काहीच आलं नाही तर अडथळा ट्रॅपमध्ये किंवा त्याच्याही वर. या एका कृतीनं अर्धं घर तपासायचं वाचतं. उरलेल्या पाइपात नरसाळ्यानं कपभर कोमट पाणी ओता. गेलं तर ठीक, तोंडाशी उभं राहिलं तर बर्फ किंवा गाळ पुढेच आहे. पाइपावर बोटांनी टिचक्या मारत गेलं तर भरलेल्या जागी आवाज बद्द होतो.

पंप असेल तर त्याची वेगळी तऱ्हा. टाकीत पाणी चढलं की तरंगता फ्लोट मोटर सुरू करतो आणि पाणी बोटभर जाडीच्या पारदर्शक नळीतून वर आणि मग बाहेर जातं. ही नळी इतकी बारीक असते की बाहेरच्या टोकाला ती सगळ्यात आधी गोठते. मोटर घुरघुरते पण टाकी रिकामी होत नाही, म्हणजे नळी बंद. मोटर गप्प आणि टाकी भरलेली, म्हणजे फ्लोट अडकलाय, मोटर गेलीय किंवा प्लग निघालाय. (प्लग आधी पाहा. मी हसत नाहीये.) पंपाला एक सुरक्षा स्विचही असतो. टाकी काठोकाठ भरली की तो थर्मोस्टॅटचा पुरवठाच तोडतो, अर्थात कोणी तो जोडला असेल तर. मग फर्नेस गुडगुडसुद्धा करत नाही आणि थर्मोस्टॅटचा पडदा कोरा होऊ शकतो. तो कोरा पडदा पाहून नवा थर्मोस्टॅट आणणाऱ्यांनी आधी पंपात डोकावावं.

बर्फ सोडवताना

बर्फ चिवट असतो याचं कारणही शाळेच्या पुस्तकातलं: एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात. म्हणजे एक किलो बर्फाला ८० अंशांचं लिटरभर पाणी, तेही वाटेत काही वाया न जाता. पण ८० अंशांचं पाणी पीव्हीसीवर ओतायचं नसतं. ६० अंशांपुढे ते मऊ पडू लागतं, गारठलेल्या पाइपावर उकळतं पाणी पडलं तर तडाही जातो. हाताला सोसेल इतकं गरम पाणी घ्या आणि पुन्हा पुन्हा ओता. पाच-सात खेपा झाल्या तर नवल नाही. गरम पाण्यात बुचकळलेली फडकी गुंडाळली तर ऊब जास्त वेळ टिकते, गरम पाण्याची पिशवी त्याहून बरी. हेअर ड्रायर चालतो, पण जिथे पाणी उडतं तिथे विजेचं यंत्र हातात धरताना भान ठेवा. ब्लोटॉर्च, मेणबत्ती, कुठलीही ज्वाला अजिबात नको.

सुरुवात उघड्या तोंडाकडून करा आणि आत सरका. मधूनच वितळवलं तर ते पाणी पुढच्या बर्फाला अडून पुन्हा गोठतं. ओतलेलं पाणी पायवाटेवर सांडून तिथे काच तयार होते, हेही ध्यानात असू द्या.

गाळ असेल तर ट्रॅप काढून कोमट पाण्यानं खळाळून धुवा, किंवा ओलं खेचणारा व्हॅक्यूम ड्रेनच्या बाहेरच्या टोकाला लावून ओढा. फर्नेसच्या दिशेनं जोरात हवा फुंकू नका. प्रेशर स्विचमधला पडदा कागदासारखा नाजूक असतो, फुंकरीनंही फाटतो. त्याची नळी साफ करायचीच असेल तर आधी ती स्विचवरून काढा. धुतलेला ट्रॅप परत लावण्याआधी पाण्यानं भरा. कोरडा लावलात तर पुन्हा गुडगुड सुरू आणि सगळे कष्ट पाण्यात.

पहाटे चारला बर्फ सोडवायला बाहेर जाणं शक्य नसेल तर बादलीवर रात्र काढता येते. ट्रॅप जागेवर आणि पाण्यानं भरलेला राहू द्या, फक्त त्याच्या पुढचा पाइप सोडवून पाणी बादलीत पडू द्या. ट्रॅपच्या आधी नळी उघडी ठेवलीत तर जळका वायू खोलीत येईल, म्हणून नक्की कुठे सोडवताय ते दोनदा पाहा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू असायलाच हवा. तासाला दोन-तीन लिटर धरलं तर १५ लिटरची बादली पाच-सहा तासांत भरते, तेव्हा उठायचा गजर लावा.

एक गोष्ट कधीच करू नये: प्रेशर स्विचच्या दोन तारा जोडून त्याला वगळणं. फर्नेस चालते, हे खरं. पण धुराची वाट बंद असतानाही ती चालते आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला वास नसतो, झोपेत तो कळत नाही.

पुन्हा हेच नको असेल तर

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पाणी घराबाहेर उघड्यावर नेऊच नये. कपडे धुण्याच्या यंत्राचा उभा पाइप, मोरी, सिंकचा ड्रेन, घराच्या उबेत जे जवळ असेल तिकडे ते वळवावं. बाहेरचा पाइप गुंडाळण्यात लोक दोन-दोन हिवाळे घालवतात आणि मोरी आतच चार मीटरवर असते. पंप लावून का होईना, आत वळवणं माझ्या मते केव्हाही पहिलं.

बाहेर जाणं अटळच असेल तर उघडा भाग शक्य तितका आखूड, कोपर कमी आणि उतार भरपूर. मीटरला दोनएक सेंटिमीटर हा किमान उतार, बाहेर त्याहून जास्तच द्यावा. भिंतीतून बाहेर येताना पाइप जाड करावा. ब्रिटनमध्ये पूर्वी २१.५ मिलिमीटरचा बारीक पाइप सर्रास बाहेर काढत, आता ३२ मिलिमीटरचा सुचवतात. वरून भिजणार नाही असं फोमचं आवरण घाला. ओलं झालेलं आवरण असून नसून सारखंच. आवरण ऊब तयार करत नाही, असलेली टिकवतं, त्यामुळे फर्नेस बराच वेळ बंद राहणार असेल तर त्याचा उपयोग मर्यादितच. तिथे पाइपाला गरम ठेवणारी विजेची केबल लागते, स्वतःचं तापमान स्वतः राखणारी आणि प्लॅस्टिकच्या पाइपासाठी बनवलेलीच.

पाइपाचं तोंड तिरकं कापा. सरळ कापलेल्या काठावर थेंब लोंबकळत राहतो आणि तिथूनच बर्फाची शेंडी धरू लागते, तिरक्या टोकावरून तो लवकर निसटतो. तोंड जमिनीपासून इतकं वर हवं की तिथे साठणाऱ्या हिमात बुडणार नाही.

बसवणाऱ्याच्या काही चुकाही पाहून ठेवा. फर्नेसच्या आत एक ट्रॅप असताना बाहेर दुसरा लावला तर दोघांच्या मध्ये हवा कोंडते आणि पाणी अडतं. मध्ये हवेसाठी उघडी नळी ठेवली तरच ते चालतं. धुराचा पाइपही फर्नेसकडे उतरता हवा, कारण त्यात जमणारं पाणी परत येऊन ड्रेनमध्येच जायचं असतं. त्याला झोळ पडला तर पाणी तिथे साचून धुराची वाट अरुंद करतं आणि प्रेशर स्विच पुन्हा रुसतो. हा झोळ डोळ्यांना दिसतो, पाइपाच्या आधाराची एखादी पट्टी निसटलेली असते.

हिवाळ्याआधी करायचं काम दहा मिनिटांचं आहे. उन्हाळाभर ट्रॅपमधलं पाणी वाळून जातं, तेव्हा पहिल्यांदा फर्नेस लावण्याआधी ट्रॅप उघडून धुवा, भरा आणि ड्रेनमध्ये मगभर पाणी ओतून ते दुसऱ्या टोकाला येतंय का ते पाहायला कोणालातरी बाहेर उभं करा. बाहेरच्यानं ‘आलं’ म्हणून ओरडेपर्यंत आतल्यानं मोजत राहायचं. पुढच्या वर्षी तो आकडा वाढला तर ट्रॅप पुन्हा काढायचा.